काही आढळले नाही : केबलचा चर आणि नोंदीचे वाङ्मय

गेली आठ-नऊ वर्षे मी एका अशा लेखनप्रकाराचा नियमित वाचक आहे, ज्याच्याकडे साहित्याचा वाचक सहसा फिरकत नाही. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात विजेची तार खांबांवरून उतरवून जमिनीखाली घालायची ठरते. शेताच्या बांधाने, चर्चच्या मागून, ओढा ओलांडून किलोमीटर-दोन किलोमीटरचा चर खणला जातो. तो खणला जात असताना काठावर एक पुरातत्त्वज्ञ उभा असतो. अंगात भडक पिवळे जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हातात खुरपी आणि वही. यंत्राची बकेट माती उचलते, तो वाकून पाहतो. काम संपले की तो दहा-वीस पानांचा अहवाल लिहितो. अशा कितीतरी अहवालांचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो : काही आढळले नाही.

या अहवालांना तिकडे बरीच वर्षे 'वॉचिंग ब्रीफ' म्हणत. शब्द वकिलीतला आहे. खटल्यात पक्षकार नसलेल्या, पण निकालाने ज्याचे हित-अहित होणार आहे अशा माणसाच्या वतीने वकील कोर्टात नुसता बसून राहतो, कामकाज पाहतो, टिपून ठेवतो, तेव्हा त्याच्याकडे 'वॉचिंग ब्रीफ' आहे असे म्हणतात. चराच्या काठावरच्या माणसाचे अशील म्हणजे जमिनीखालचा भूतकाळ. २०२३ पासून तिथल्या व्यावसायिक संस्थेने आपल्या मानकांत 'निरीक्षण आणि नोंद' असे सरळ नाव घेतले आहे. मला मात्र जुनेच नाव जास्त खरे वाटते.

मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेचा माणूस, आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. सुट्टीच्या दिवशी गोदाकाठच्या पांढऱ्या हिंडायच्या, खापरे पाहायची, पुन्हा तिथेच ठेवायची, एवढाच माझा अभ्यास. हे अहवाल मला वाचायला मिळाले, कारण यॉर्क विद्यापीठातल्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस या १९९६ साली सुरू झालेल्या संस्थेने ते हजारोंच्या संख्येने सर्वांना फुकट खुले केले आहेत. हिशेबनिसाला कोरड्या कागदाचा कंटाळा येत नाही. शेकडो अहवाल वाचल्यावर वाटले की यांची समीक्षा व्हायला हवी. माहितीची तर व्हावीच, पण लेखन म्हणूनही व्हावी. ती का, हे आधी सांगितले पाहिजे.

नाटकघर आणि नोंद

१९८९ साली लंडनच्या सदर्क भागात कार्यालयाच्या इमारतीसाठी पाया खणताना 'रोझ' या नाटकगृहाचे अवशेष मिळाले. हे १५८७ साली बांधलेले नाटकगृह. मार्लोची नाटके इथे झाली. अवशेष वाचवायचे की इमारत बांधायची, यावरून मोठा गदारोळ झाला. नट-नट्या रस्त्यावर उतरल्या. शेवटी इमारत झाली, पण अवशेष तिच्या पोटात राखून. या प्रकरणाने सरकारला एक गोष्ट कळली : पाया खणायला घेतल्यावर भांडण्यात अर्थ नाही, विचार आधी व्हायला हवा. नोव्हेंबर १९९० मध्ये 'पीपीजी १६' या नावाने ओळखली जाणारी नियोजनाची मार्गदर्शिका निघाली. पुढे तिची जागा नव्या धोरणांनी घेतली, पण तिची दोन तत्त्वे टिकली. पहिले, जो खणणार त्याने शोधाचा खर्च सोसायचा. दुसरे, अवशेष शक्यतो जागेवर राखायचे, आणि ते जमणार नसेल तर 'नोंदीद्वारे जतन' करायचे.

'नोंदीद्वारे जतन' हा शब्दप्रयोग साहित्याच्या वाचकाने नीट वाचावा. त्याचा अर्थ असा, की वस्तू जाणार, थर जाणार, आणि त्यांच्या जागी लेखन उरणार. पुस्तक वाईट निघाले तर दुसरे लिहिता येते. चराची नोंद वाईट झाली तर दुसऱ्यांदा तो चर खणता येत नाही, कारण खणण्यानेच पुरावा संपलेला असतो. ज्या लेखनाला मूळ वस्तूची जागा घ्यायची आहे त्याची समीक्षा करायची नाही, तर कशाची करायची?

केबलचे काम या व्यवस्थेत जरा आडवळणाने येते. खेड्यातल्या केबलला बहुधा इमारतीसारखी बांधकाम-परवानगी लागत नाही. मात्र १९८९च्या वीज कायद्याच्या नवव्या परिशिष्टाने वीज कंपन्यांवर एक कर्तव्य घातले आहे : कामाचे प्रस्ताव आखताना निसर्गसौंदर्याबरोबर पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा आणि वस्तू यांच्या रक्षणाचाही विचार करायचा. २००५ पासून तिथल्या ऊर्जा नियामकाने राष्ट्रीय उद्याने आणि निसर्गरम्य प्रदेश यांतल्या विजेच्या तारा जमिनीखाली नेण्यासाठी कंपन्यांना खर्चाची मुभा दिली. गंमत अशी, की डोळ्यांना दिसणारा देखावा सुधारण्यासाठी डोळ्यांना न दिसणारा वारसा कापला जाऊ लागला. म्हणून काठावर माणूस उभा करणे आले.

अहवालाची घडण

या अहवालाची बांधणी ठरलेली असते. आधी सारांश. मग जागा आणि भूस्तर. मग ऐतिहासिक पार्श्वभूमी. मग उद्दिष्टे, पद्धत, निष्पन्न, चर्चा, आणि शेवटी नोंदी, छायाचित्रे व वस्तू कोणत्या संग्रहालयात जमा केल्या ते. मातीच्या प्रत्येक थराला क्रमांक. साचलेला थर असेल तर क्रमांक गोल कंसात, कोणी कापलेला खड्डा असेल तर चौकोनी कंसात. थराचे वर्णन : रंग, पोत, जाडी, त्यात काय मिसळले आहे. त्यानंतर नाते : कोणता थर कोणाच्या वर, कोणता खड्डा कोणाला कापून गेलेला.

या लेखनाचा पहिला गुण संयम. शंभर मीटर चरात एक खड्डा आणि तळाशी कोळशाचे चार तुकडे मिळाले, तर लेखक 'चूल' म्हणत नाही. 'जळलेले द्रव्य असलेला खड्डा' म्हणतो आणि थांबतो. आपल्याकडच्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांची सवय असलेल्या मला हा संयम सुरुवातीला अरसिक वाटला. आपल्याकडे एक विटेचा तुकडा मिळाला की सातवाहनांचा राजवाडा उभा राहतो. मीही माझ्या पहिल्या लेखात तसा एक उभा केला होता. आज तो लेख वाचताना कान गरम होतात.

दुसरा गुण त्याहून मोठा आहे : हे लेखन अभावाची नोंद करते. अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत इतक्या खोलीपर्यंत पाहिले आणि काही आढळले नाही, हे लिहून, सही करून, जपून ठेवते. 'काही नव्हते' आणि 'कोणी पाहिले नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नकाशावर मात्र दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात. तो कोरेपणा कोणत्या जातीचा, हे सांगणारे एकमेव लेखन म्हणजे हा कंटाळवाणा अहवाल.

दोषांची बाजू

पण मी या अहवालांचा भाट नाही. त्यांचे दोष त्यांच्या गुणांइतकेच पक्के आहेत.

पहिला दोष पार्श्वभूमीचा. पार्श्वभूमीला पाच-सहा पाने आणि प्रत्यक्ष पाहिलेल्याला एक-दीड पान, असे प्रमाण वारंवार दिसते. गावाचा जुना उल्लेख, चर्चचे बांधकाम, जुने नकाशे, हे सगळे शेजारच्या चराच्या अहवालातून जवळजवळ तसेच उचललेले. टेबलावर बसून लिहिता येते ते भरपूर, चिखलात उभे राहून लिहायचे ते थोडे. हा रोग आपल्याही प्रबंधांना आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

दुसरा दोष गंभीर आहे. 'काही आढळले नाही' म्हणताना पाहण्याची परिस्थिती काय होती, हे अनेक अहवाल धड सांगत नाहीत. केबलचा चर अनेकदा हात-दीड हात रुंदीचा. एवढ्या फटीतून जुन्या घराचा कोपरा दिसला तरी तो कोपरा आहे हे कळणार कसे? मोठ्या कामात चराच्या दोन्ही बाजूंची वरची माती रुंद पट्ट्यात खरवडून काढतात, तेव्हा जमिनीवर जुन्या खड्ड्यांचे डाग नकाशासारखे दिसतात. अरुंद चरात दिसतात त्या फक्त दोन भिंती. बकेटला दात असतील तर त्या भिंतीही ओरबाडल्या जातात. म्हणून चांगल्या कामात दात नसलेली, सपाट धारेची बकेट वापरण्याची अट घालतात. काही ठिकाणी तर चरच नसतो. नांगरासारखे यंत्र जमीन चिरत जाते आणि मागोमाग केबल आत सोडते. किंवा एका टोकाला खड्डा, दुसऱ्या टोकाला खड्डा आणि मधल्या अंतरात आडवे छिद्र. अशा वेळी पाहायला काही नसतेच. तिथे 'आढळले नाही' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आणि अर्थाने फसवे ठरते. त्यातला उत्तम लेखक ओळखायचा तो इथे. तो लिहितो : या दोनशे मीटरमध्ये पाऊस होता, चरात पाणी साचले होते, तळ दिसला नाही, म्हणून या भागाबद्दल माझे काही म्हणणे नाही.

तिसरा दोष माणसांचा. या लेखनात कर्ता नसतो. चर 'खणला गेला', थर 'नोंदवला गेला'. यंत्र चालवणारा माणूस प्रत्येक बकेट सर्वांत आधी पाहतो. मातीचा रंग बदलला की त्याच्या हाताला यंत्राच्या ओढीतून ते जाणवते. तो या अहवालांत जवळजवळ कुठेच नाही. शेतकरी येतो तो फक्त परवानगी दिल्याबद्दलच्या आभारापुरता.

चौथा दोष व्यवस्थेचा. ज्याच्या कामात अडथळा आणायचा, त्यानेच पैसे द्यायचे. काही आढळले नाही तर सगळ्यांची सोय होते. स्थानिक प्रशासनाचे पुरातत्त्वज्ञ अहवाल तपासतात, त्यामुळे सरसकट अप्रामाणिकपणाचा आरोप मी करणार नाही. पण अट पूर्ण झाली, फाइल बंद झाली, हा सूर अनेक अहवालांच्या शेवटच्या परिच्छेदात ऐकू येतो, आणि तो समीक्षकाने सांगायलाच हवा.

बेरीज

तरीही हे कागद वाया गेले नाहीत. रिचर्ड ब्रॅडली हे रेडिंग विद्यापीठातले प्रागैतिहासाचे ज्येष्ठ अभ्यासक. त्यांनी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या व्यावसायिक उत्खनन संस्थांच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, हे अप्रकाशित अहवाल वाचून काढले, आणि २००७ साली केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या 'द प्रीहिस्टरी ऑफ ब्रिटन अँड आयर्लंड' या ग्रंथात त्यांचा आधार घेऊन प्रागैतिहासाचे चित्र नव्याने मांडले. विद्यापीठात शिकवला जाणारा भूतकाळ आणि चराच्या काठावर सापडलेला भूतकाळ यांत दरी पडली आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे रोमनकालीन ब्रिटनच्या ग्रामीण वसाहतींवर रेडिंगच्याच अभ्यासकांनी इतरांबरोबर असे काम केले; अडीच हजारांहून अधिक वसाहतींची माहिती एकत्र आली आणि २०१६ ते २०१८ या काळात तिचे तीन खंड निघाले. शहरे, छावण्या आणि श्रीमंतांचे वाडे यांपलीकडचा साधा शेतकरी प्रथमच इतक्या ठळकपणे दिसला.

हे का घडले, याचे उत्तर चराच्या रेषेत आहे. अभ्यासक उत्खननाची जागा निवडतो तेव्हा जिथे काहीतरी मिळणार अशी जागा निवडतो : टेकाड, किल्ला, देऊळ. केबल मात्र आपल्या सोयीने जाते. तिला इतिहासाची आवड-नावड नाही. त्यामुळे ज्या सपाट, बिनमहत्त्वाच्या शेतात कोणी कधी कुदळ मारली नसती, तिथून ती जाते. आयर्लंडमध्ये १९८०च्या दशकात गॅसवाहिन्या टाकताना असेच झाले. मार्गारेट गोवेन यांच्या १९८८ सालच्या अहवालग्रंथात त्या कामांचा वृत्तांत आहे. लिमरिक परगण्यातले टँकर्ड्सटाउन इथले नवाश्मयुगीन घर अशाच वाहिनीच्या वाटेवर मिळाले. इंग्लंडच्या सफक परगण्यात समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज आणणारी ३७ किलोमीटरची भूमिगत केबल टाकताना वुडब्रिजजवळ सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची लाकडी वाट मिळाली. २०१८ साली तिची बातमी झाली. बातमी होणारी अशी कामे थोडी. पण ती ज्यांच्यामध्ये उठून दिसतात ते हजारो 'काही नाही' नसते, तर त्यांचाही अर्थ लागला नसता.

इथे मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. ते गणिताचे माणूस, पुरातत्त्वाची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. पुण्याच्या आसपास ते पायी हिंडले, बारीक गारगोट्यांची हत्यारे वेचली, आणि ती जिथे मिळतात त्या वाटांवर आजही म्हातोबा, बोल्हाई अशी दैवते बसलेली आहेत, हे ताडून पाहिले. १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त ते आहे. कोसंबींनी ठिकाणापेक्षा वाटेला महत्त्व दिले. केबलचा चरही एक वाटच आहे, फक्त ती दीड मीटर खोल आहे.

आपली पांढरी

आता आपल्या दाराशी येतो. मराठीने गावाच्या जमिनीचे दोन भाग फार पूर्वीच केले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) ही विभागणी आहेच. पांढरीची माती पांढुरकी असते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती तिच्यात मुरलेल्या असतात. म्हणजे पुरातत्त्वज्ञ ज्याला वस्तीचा थर म्हणतो त्याला आपल्या शेतकऱ्याने आधीच नाव दिलेले आहे.

२०११ साली केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. २०२३ मध्ये सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. महाराष्ट्रातच ग्रामपंचायती सत्तावीस हजारांहून अधिक. दूरसंचार खात्याच्या रूढ मानकानुसार साध्या मातीत अशा केबलच्या चराची खोली १६५ सेंटिमीटर. आणि केबल संपते कुठे? ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. जुन्या गावांत हे कार्यालय गावठाणात किंवा त्याला लागून असते. म्हणजे चराचा शेवटचा तुकडा नेमका पांढरीतून जातो. खेड्याला इंटरनेट मिळायलाच हवे. माझ्या पुतण्याची परीक्षा त्यावर अवलंबून होती, त्यामुळे त्याबद्दल मला उपदेश करायचा नाही. प्रश्न एवढाच, की काठावर कोण उभे असते?

कायद्याने पाहिले तर कोणीही नाही. १९५८चा केंद्रीय कायदा आणि १९६०चा महाराष्ट्राचा कायदा संरक्षित स्मारकांभोवती फिरतात. २०१०च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. देशात अशी स्मारके साडेतीन हजारांहून अधिक, महाराष्ट्रात पावणेतीनशेहून अधिक. गावे मात्र राज्यात चाळीस हजारांवर. उरलेल्या पांढऱ्या त्या वर्तुळांच्या बाहेर. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या यादीत केबल टाकण्याचे काम नाही. राहतो १८७८चा निखात निधीचा कायदा. दहा रुपयांहून अधिक किमतीची दडलेली वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, असे तो सांगतो. त्या कायद्याला वस्तूची किंमत कळते. राखेच्या थराची किंमत रुपयांत किती?

सुदैवाने वस्तू मिळाली तरी नोंदीवाचून काय होते, याचे उदाहरण नगर जिल्ह्यातच आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार ब्राँझ मूर्ती मिळाल्या. वजन साठ किलोंहून जास्त. दायमाबादचे उत्खनन झाले, त्या मूर्ती जगप्रसिद्ध झाल्या. पण त्या कोणत्या काळाच्या, याबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले. मूर्ती निघाल्या त्या क्षणी तिथे थर पाहणारा कोणी नव्हता. थराची चौकशी नंतर येऊन करावी लागली.

माझी न झालेली नोंद

हे सगळे मी बाहेरच्यासारखे लिहीत आहे, पण मला तसा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावात केबलचा चर चालला असल्याचे कळले आणि मी गेलो. गावाचे नाव देत नाही; नाव छापले की गुप्तधन शोधणारे पहार घेऊन पोचतात. पंचायतीच्या मागच्या बाजूला पांढरीचे टेकाड अर्धे कापलेले होते. चराच्या भिंतीत वर हातभर प्लास्टिक आणि कचरा, खाली राखट माती, तिच्याखाली भाजून लाल झालेला चोपलेला थर. त्या लाल थराच्या खाली दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून.

ज्यांनी इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी ताम्रपाषाणयुगीन गाव खणले. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. मूल दोन मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची, आणि घरातच पुरायचे.

मी ऑपरेटरला हात केला. तो थांबला, खाली उतरला, माझ्या शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "काका, हितं घर व्हतं. ही बगा चोपलेली भुई. आन् हे खाली मुद्दाम ठिवल्यालं दिसतंय." अहवालांत कुठे नसलेला तो माणूस, त्याने दोन वाक्यांत थर आणि त्यांचे नाते सांगितले. मुकादम घाई करत होता, पाइपांची भेंडोळी येऊन पडली होती, दिवसाचे मीटर मोजले जाणार होते. मी मोबाइलवर तीन फोटो काढले. दहा मिनिटांनी काम सुरू झाले, संध्याकाळी चर बुजला.

घरी येऊन फोटो पाहिले तेव्हा कळले. एकाही फोटोत मोजपट्टी नाही. मी खोली मोजली नाही. पंचायतीच्या भिंतीपासून अंतर मोजले नाही. मडक्यांचा रंग मी त्या रात्री आठवून लिहिला, आणि आठवलेला रंग हा पुरावा नव्हे. एका कार्यालयाला दोन पानी पत्र पाठवले, उत्तर आले नाही. पण उत्तर काय देणार? माझ्या पत्रात 'बहुधा' हा शब्द नऊ वेळा होता. शेकडो अहवाल वाचलेल्या, त्यांच्या दोषांची यादी तयार असलेल्या माणसाला वेळ आली तेव्हा एक पानाची नोंद करता आली नाही. ते तीन हजार वर्षांपूर्वीचे मूल होते, असे मी म्हणू शकत नाही. नव्हते, असेही म्हणू शकत नाही. तो चर मी पाहिला आणि तरीही तो न पाहिल्यासारखाच राहिला.

पंचनाम्याची आठवण

त्यानंतर मी या अहवालांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. इंग्लंडची व्यवस्था उचलून इथे आणा, असे माझे म्हणणे नाही. तिच्यामागे कायदा, पैसा आणि पगारी मनुष्यबळ आहे. पण तिच्यामागची गरज आपल्याला नवी नाही, कारण 'जे पाहिले ते तिथल्या तिथे लिहिणे' हा प्रकार मराठीत आहेच. त्याला पंचनामा म्हणतात. तारीख, वेळ, चतुःसीमा, काय होते, कसे होते, कोणी पाहिले, सह्या. गारपीट झाली की आपला शेतकरी पंचनाम्याची वाट पाहतो. त्या कागदाचे वजन त्याला शिकवावे लागत नाही. इंग्रजी अहवालात थर असतो, माणूस नसतो. आपल्या पंचनाम्यात माणूस असतो, थर नसतो. दोन्ही एकत्र आणले तर एका पानात काम होईल.

आणि थराला लागणारी भाषाही आपल्याकडे आहे. विहीर खणणाऱ्याला विचारा : काळी, चोपण, गाळ, चुनखडी, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. प्रत्येक शब्दात रंग, पोत आणि खोली आहे. गावातला शिक्षक, तालुक्याच्या महाविद्यालयातले इतिहासाचे चार विद्यार्थी आणि यंत्राचा ऑपरेटर एवढ्यांना पांढरीतल्या शे-दोनशे मीटरपुरती अशी नोंद करता येईल. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी व्यापार सांभाळून जमवलेल्या वस्तूंतून संग्रहालय उभे राहिले. हौशी माणसाच्या हातून काय होऊ शकते याला दुसरा दाखला नको. फरक इतकाच, की आता वस्तूंपेक्षा नोंदी जमवायच्या.

यावर दोन आक्षेप येतील. एक, नोंदीने चोरांना पत्ता मिळेल. खरे आहे, म्हणून नेमकी जागा सांगणारी नोंद जाहीर न करता तालुक्याच्या महाविद्यालयात किंवा जिल्हा संग्रहालयात ठेवावी. दोन, शेतकऱ्याला वाटेल की सरकार जमीन घेईल. ही भीती खोटी नाही आणि तिची टवाळी करू नये. पण चर बहुधा रस्त्याच्या कडेने आणि गावठाणातून जातो; शिवाय नोंद म्हणजे संरक्षण-घोषणा नव्हे. काम थांबवणे हा तिचा हेतू नाही. काम होणार आहे असे धरूनच ती करायची आहे.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावात पुन्हा चर खणला गेला. या वेळी टेप नेला, खडूने रंगवलेली काठी नेली, शाळेतल्या गुरुजींना बरोबर घेतले. दिवसभर उभा राहिलो. संध्याकाळी एक पान लिहून झाले, त्यातला शेवटचा मजकूर असा : 'पंचायतीच्या ईशान्य कोपऱ्यापासून पूर्वेस ११० मीटर. खोली सरासरी १४० सेंटिमीटर. वर ३० सेंटिमीटर भराव, त्याखाली काळी, तळाशी मुरूम लागला. पहिले २० मीटर आम्ही पोचण्याआधी बुजवलेले होते, ते पाहिले नाही. उरलेल्या ९० मीटरमध्ये जुन्या वस्तीचे काही आढळले नाही.' खाली गुरुजींची सही, ऑपरेटरची सही, माझी सही.

गुरुजी म्हणाले, "दिवस फुकट गेला म्हणायचा." मी ते पान घडी घालून खिशात ठेवले. मराठीत असे पान मी तरी त्याआधी वाचले नव्हते.